अठरा पूर्ण झाली, आता जायचे कुठे?

जळगाव जिल्ह्यातल्या पहूरच्या पट्ट्यात भंडारा म्हटला की जेवण काय असेल हे विचारावे लागत नाही. वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी. बट्टीचे उंडे उकडून, कापून तळता तळता पहाट होते. भाजी मोठ्या पातेल्यात घोटून एकजीव करायला दोन तरणी पोरे आळीपाळीने लागतात. माईकवर नावे चालू असतात: अमक्यांकडून पाचशे एक, तमक्यांकडून तेलाचा डबा. पंगतीला बसणाऱ्याला कुठला, कोणाचा, हे कोणी विचारत नाही. चैत्रात सप्तशृंगगडाला पायी निघालेल्यांना खान्देशभर रस्त्याकडेला चहा-फराळ मिळतो तोही असाच, आणि उन्हाळ्यात स्टँडांवर पाणपोया लागतात त्याही अशाच. देण्याच्या बाबतीत या मुलखाचा हात कधी आखडता नव्हता.

मोठ्या रकमांचे दानही इथे पुष्कळ झाले. अमळनेरच्या प्रतापशेठांनी गिरणी काढली, शिक्षणाला पैसा दिला आणि १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. त्यांच्याच नावाच्या शाळेत साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे शिकवत होते. वसतिगृहातल्या मुलांची अंथरुणे आवरणारे, कपडे धुणारे गुरुजी महाराष्ट्राला माहीत झाले ते तिथूनच. पहूरहून अजिंठ्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर वाकोद. तिथले भवरलाल जैन हातगाडीवर रॉकेल विकण्यापासून निघाले आणि ठिबक सिंचनापर्यंत पोचले. त्यांनी गरीब घरांतल्या मुलांसाठी विनाशुल्क इंग्रजी शाळा काढली, जैन हिल्सवर गांधीतीर्थ उभारले. पारोळा तालुक्यातल्या बहादरपूरच्या नीलिमा मिश्रा यांनी बचत गटांतून आणि गोधड्यांच्या कामातून बायकांच्या हाती पैसा आणला. २०११ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या सगळ्या कामांत एक गोष्ट समान आहे. ज्याला दिले तो उद्या आपल्या पायावर उभा राहील, ही आशा त्या देण्यामागे आहे. मुलगा शिकेल, बाई कर्ज फेडेल, शेतकऱ्याचे पीक वाढेल. वरण-बट्टीच्या पंगतीत ती आशाही नसते, पण ती पंगत संध्याकाळी उठते.

जो माणूस कधीच आपल्या पायावर उभा राहणार नाही आणि ज्याची भूक एका पंगतीने भागणार नाही, त्याचे काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर आयुष्य घालून देणारा एक माणूस महाराष्ट्रात आहे. त्याच्या कामाचा एक धागा थेट जळगावच्या रेल्वे स्थानकापर्यंत येतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी त्या स्थानकावरच्या कचराकुंडीत एक तान्ही मुलगी सापडली. तिला दिसत नव्हते. पोलिसांनी तिला जळगावच्या रिमांड होममध्ये नेले. पालकांचा पत्ता लागला नाही. अशा मुलीला कायमचे सांभाळणारी जागा शोधता शोधता ती अडीचशे किलोमीटरहून दूर, अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला पोचली. तिथे तिला नाव मिळाले, ब्रेल मिळाली, आडनावही मिळाले. पुढे तिने अमरावतीत पदवी घेतली आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास धरला. दोनदा अपयश आले. मे २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक परीक्षेच्या निकालात तिचे नाव लागले: माला शंकरबाबा पापळकर.

राज्यातल्या सगळ्या वर्तमानपत्रांनी ती बातमी छापली, आणि छापायलाच हवी होती. पण तिच्या नावातल्या मधल्या नावाकडे नीट पाहायला हवे.

शंकरबाबा पापळकर मुळात पत्रकार. गाडगेबाबांच्या विचारांनी भारलेले. ‘देवकीनंदन गोपाला’ नावाचे नियतकालिक त्यांनी चालवले. गाडगेबाबांचे कीर्तन पाठ असणारी माणसे विदर्भात काही कमी नाहीत. गाडगेबाबांचा झाडू हातात धरून एका जागी तीन दशके राहणारी मात्र मोजकीच. शंकरबाबांनी मेळघाटच्या पायथ्याशी, परतवाड्याजवळच्या वझ्झरला बेवारस आणि दिव्यांग मुलांसाठी बालगृह उभे केले. त्याला नाव दिले ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या अंबादासपंत वैद्यांचे. राज्यातल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत रेल्वे स्थानकांवर, बसस्टँडवर, उकिरड्यावर टाकलेली मुले पोलिसांमार्फत, बालकल्याण समित्यांमार्फत तिथे येत गेली. कुणी मतिमंद, कुणी मूकबधिर, कुणी अंध, कुणाच्या वाट्याला यातले दोन-तीन प्रकार एकदम. ही संख्या १२३ वर गेली.

या मुलांना दाखल करून घेताना वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा येतो. शंकरबाबांनी तिथे स्वतःचे नाव लिहिले. शाळेच्या दाखल्यावर तेच, आधार कार्डावर तेच. ज्यांनी अनाथ मुलांची कागदपत्रे काढायला सरकारी कचेरीत खेटे घातले आहेत त्यांना या एका नावाची किंमत कळेल. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे खाते, प्रत्येक खिडकीवर ‘वडिलांचे नाव?’ हाच पहिला प्रश्न. उत्तर नसले की माणूस रांगेतून बाहेर. खर्च न करता देता येण्यासारखी ही वस्तू होती, आणि तरी ती दुसऱ्या कुणाला सुचली नव्हती, किंवा सुचली असेल तर तिचे परिणाम पेलायची तयारी नसेल. आपले नाव १२३ जणांना देणे म्हणजे त्यांचे आजारपण, लग्न, भांडणे आणि मरण आपल्या दाराशी आणणे.

वझ्झरच्या खडकाळ उतारावर या मुलांनी पंधरा हजारांच्या आसपास झाडे जगवली. झाडाला पाणी घालणे हे काम असे, की डोळे नसले तरी सवयीने जमते, बोलता येत नसले तरी अडत नाही, आणि बुद्धी सहा वर्षांच्या मुलाएवढी असली तरी बादली आणि आळे यांचा संबंध कळतो. ज्यांना चालता येते ते न चालणाऱ्यांना उचलतात. ऐकू न येणाऱ्या मुली न दिसणाऱ्यांना भरवतात. एकाची उणीव दुसऱ्याच्या कामी येते अशी ही मांडणी आहे. तिला पुनर्वसनशास्त्रात मोठी नावे असतील. इथे ती गरजेपोटी आली, कारण पगारी माणसे ठेवायची तर पैसा आणायचा कुठून?

वीसहून अधिक मुलामुलींची लग्नेही बाबांनी लावून दिली. त्यातले एक राज्यभर गाजले. डिसेंबर २०२० मध्ये नागपुरात तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी वझ्झरच्या एका मूकबधिर मुलीचे कन्यादान केले आणि नागपूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी रवींद्र ठाकरे वरपिता म्हणून उभे राहिले. नवरा मुलगाही वझ्झरचाच. एक नागपूरच्या स्थानकावर सापडलेली, दुसरा डोंबिवलीत. वर्तमानपत्रांत फोटो आले, सगळ्यांना गहिवरून आले.

गहिवर येणे चांगलेच. मात्र त्याने एक सोयही होते: प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. परीक्षा पास झालेली माला आणि बोहल्यावर चढलेली जोडपी ही वझ्झरची दाखवण्याजोगी बाजू आहे, कारण तिथे ‘उभे राहण्याची’ गोष्ट पूर्ण होते. वझ्झरमधल्या बहुसंख्य मुलांच्या बाबतीत अशी बातमी कधीच होणार नाही. ती परीक्षा देणार नाहीत. त्यांचे लग्न होणार नाही. त्यातल्या काहींना वयाच्या चाळिशीतही घास भरवावा लागेल, कपडे बदलावे लागतील. पाटी ‘बालगृह’ अशी असली तरी आतली कित्येक बाळे केव्हाच तिशीत गेली आहेत. शंकरबाबांचे खरे काम या न छापल्या जाणाऱ्या मुलांमध्ये आहे आणि त्यांचे सरकारशी असलेले भांडणही त्यांच्यावरूनच आहे.

बेवारस मूल सापडले की पुढे काय होते, हे वर्तमानपत्राच्या वाचकाला एका बारीक चौकटीपुरतेच दिसते. आतल्या पानावर, लिलावाच्या नोटिसा आणि नावात बदलाच्या जाहिरातींच्या शेजारी एक धूसर फोटो असतो. अमुक दिवशी अमुक ठिकाणी अंदाजे इतक्या वयाचे बालक मिळून आले आहे, कुणाचा दावा असल्यास संपर्क साधावा, अन्यथा पुढील कार्यवाही करण्यात येईल. ही ‘पुढील कार्यवाही’ २०१५ च्या बालन्याय कायद्याने ठरवून दिलेली आहे. जिल्ह्याची बालकल्याण समिती चौकशी करते. दोन वर्षांपर्यंतचे मूल असेल तर दोन महिन्यांत आणि त्याहून मोठे असेल तर चार महिन्यांत ते दत्तक देण्यास मोकळे आहे की नाही, हे तिने जाहीर करायचे असते. धडधाकट तान्ह्या बाळासाठी देशभर पालकांची रांग आहे; वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. मतिमंद किंवा अंध मूल मात्र यादीत तसेच पडून राहते. त्याला घर मिळालेच तर बरेचदा परदेशातले मिळते. बाकीची बालगृहात वाढतात.

आणि मग ती अठरा वर्षांची होतात.

अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी मूल ‘बालक’ राहत नाही. बालगृहाची मान्यता, खर्चाची तरतूद, तपासणीची पद्धत, सगळे वयाला बांधलेले. त्यापुढे कायद्यात ‘अनुरक्षण’ आहे, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुणाला एकविसाव्या वर्षापर्यंत आधार. कल्पना चांगली आहे. एखाद्या हुशार अनाथ मुलाला तीन वर्षे राहायला खोली, शिकायला पैसे, नोकरी शोधायला वेळ मिळतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांसाठी सरकारी नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण आणले, तेही याच दिशेचे पाऊल. अमृता करवंदे या अनाथ तरुणीने स्पर्धा परीक्षेतला आपला अनुभव सरकारदरबारी मांडला आणि निर्णय झाला. देशात असा निर्णय घेणारे महाराष्ट्र पहिले राज्य, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

पण ही सगळी रचना एका गृहीतकावर उभी आहे: वय वाढले की माणूस स्वावलंबी होतो. ज्याची बुद्धी सहाव्या वर्षी थांबली आहे त्याच्यासाठी अठरावा वाढदिवस आणि एकविसावा वाढदिवस यांत काय फरक? घरात असे मूल असले तर आईबाप त्याला अठराव्या वर्षी दाराबाहेर काढत नाहीत. उलट आपल्या माघारी याचे कसे होणार, हीच चिंता त्यांना रात्रंदिवस खाते. खान्देशातल्या गावागावांत असे एखादे घर असतेच. म्हातारी आई सत्तरीतही पन्नाशीतल्या लेकाला आंघोळ घालताना दिसते. सरकार अनाथाचे पालकत्व घेते आणि जे कोणतीही आई करणार नाही ते करते. मुलगी असेल तर रस्त्यावर पहिल्या रात्री तिचे काय होईल, हे लिहून सांगायची गरज नाही.

शंकरबाबांची मागणी या ठिकाणी येते, आणि ती फार साधी आहे. बेवारस दिव्यांग, विशेषतः मतिमंद आणि बहुविकलांग मुलांना अठरा वर्षांनंतरही त्याच संस्थेत आयुष्यभर राहता यावे, असा कायदा करा. गेली अनेक वर्षे ते मंत्र्यांना, खासदारांना, दिल्लीला हेच सांगत आले आहेत. स्वतःच्या बालगृहापुरता त्यांनी निकाल केव्हाच लावला. मुलांना जाऊ दिले नाही. बाप म्हणून कागदावर नाव आहे. बापाला मुलाचे वय विचारायला कोण येणार? त्यांच्या पद्धतीला ‘वझ्झर मॉडेल’ म्हणून ओळखले जाते, भाषणांतून त्याचा उल्लेख होतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पलीकडे गेले होते.

पुरस्कार दिला याबद्दल तक्रार नाही, उशिराच दिला. तक्रार वेगळी आहे. माणूस एक गोष्ट मागतो आणि त्याला दुसरी दिली जाते, तीही समारंभपूर्वक. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, मग पदक. महाराष्ट्राला ही सवय जुनी. समाजसेवकाला ‘बाबा’ म्हणायचे, पाया पडायचे, सहलीच्या बसने जाऊन त्याचे काम बघून यायचे, वर्गणी द्यायची आणि त्याने विचारलेला प्रश्न त्याच्याच अंगणात ठेवून परतायचे. गाडगेबाबांच्या वाट्याला हेच आले. लोक त्यांच्या पायाशी वाकायला धावत आणि ते काठी उगारत. हा माणूस हातात खराटा घेऊन गाव झाडत होता आणि लोकांना त्याच्या पायाची धूळ हवी होती.

गाडगेबाबांची आठवण इथे दुसऱ्या कारणासाठीही काढायला हवी. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा बांधल्या, पण त्यांवर आपल्या नातलगांचा हक्क ठेवला नाही. विश्वस्तांच्या हवाली केल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. २० डिसेंबर १९५६ ला ते गेले. धर्मशाळा चालू राहिल्या. अक्षरशत्रू म्हणवून घेणाऱ्या त्या माणसाला एक गोष्ट पक्की कळली होती: काम आपल्या देहाला बांधून ठेवायचे नाही. वझ्झरमध्ये आज सगळी व्यवस्था एका नावावर आहे. ते नाव धारण करणारा माणूस नव्वदीकडे निघाला आहे. बाबांनंतर काय, हा प्रश्न भक्तीने सुटणार नाही. त्याला कायदाच लागेल.

शंकरबाबांच्या मागणीला एक गंभीर आक्षेपही आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अपंग माणसांना आयुष्यभर संस्थेत ठेवणे म्हणजे त्यांना कोंडून ठेवणे, असे अपंग हक्क चळवळीतली माणसे म्हणतात. भारताने २००७ मध्ये मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा करार आणि त्यावर बेतलेला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, दोन्ही सांगतात की दिव्यांगाला चारचौघांत, समाजात राहण्याचा हक्क आहे. कायद्याचे पाचवे कलम त्यासाठीच आहे. आणि भिंतीआड काय घडते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०११ मध्ये पनवेल परिसरातल्या एका बालगृहात मतिमंद मुलींवर झालेले अत्याचार उघड झाले. दोन वर्षांनी न्यायालयाने आरोपींना शिक्षा सुनावल्या. ज्या मुलींना बोलता येत नाही, झालेले सांगता येत नाही, त्यांच्यासाठी कायमचे छप्पर कायमचा तुरुंगही ठरू शकते.

फ्रान्समधले उदाहरण याहून बोचरे आहे. १९६४ मध्ये जाँ व्हानिए नावाच्या गृहस्थाने त्रोली-ब्रय या खेड्यात एक घर घेतले आणि एका संस्थेत पडलेल्या मतिमंद पुरुषांना तिथे राहायला आणले. त्यांच्यासाठी राहायचे, अशी सेवेकऱ्याची भूमिका त्याने घेतली नाही. त्यांच्याबरोबर राहायचे, एकाच टेबलावर जेवायचे, असे ठरवले. ‘लार्श’ या नावाने ही घरे जगभर पसरली. बंगळुरूला ‘आशा निकेतन’ १९७० मध्येच सुरू झाले. व्हानिए २०१९ मध्ये वारले तेव्हा जगाने त्यांना संत मानले होते. वर्षभराच्या आत लार्शनेच केलेल्या चौकशीतून बाहेर आले की या संताने अनेक स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. त्या स्त्रिया दिव्यांग नव्हत्या, सल्ला मागायला आलेल्या होत्या. ही चौकशी संस्थेने स्वतः करवली, निष्कर्ष स्वतः जाहीर केले आणि घरे बंद पडली नाहीत, कारण ती एका माणसावर उभी नव्हती.

या दोन उदाहरणांवरून वझ्झरविषयी कुठलीही शंका घ्यायची नाही. तसे करणे अन्यायाचे होईल. त्यांवरून एवढेच निघते की चांगला माणूस मिळाला म्हणून निर्धास्त होणे ही सरकारची आणि समाजाची चैन आहे. शंकरबाबा मिळाले हा योगायोग. पनवेललाही मुली सरकारी यंत्रणेनेच पाठवल्या होत्या. म्हणून आयुष्यभर राहण्याचा हक्क आणि आयुष्यभर बाहेरच्या डोळ्यांची तपासणी, दोन्ही एकाच कायद्यात यायला हवे. शिवाय शंभर जणांच्या वसतिगृहाऐवजी पाच-सात जणांची घरे, गावाच्या वस्तीत, किराणा दुकानाच्या आणि दवाखान्याच्या जवळ, असा विचार झाला तर हक्क चळवळीचा आक्षेपही बराचसा निवळतो. वझ्झरमध्ये जे चालते, म्हणजे एकमेकांना सांभाळणारी विजोड भावंडे, ते छोट्या घरात अधिक चांगले चालेल.

हे सगळे शून्यातून उभारायचे नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी यंत्रणा दिली आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक स्तर समिती असते. अठरा वर्षांपुढच्या अशा व्यक्तीला कायदेशीर पालक नेमून देण्याचा अधिकार तिला आहे. ‘निरामय’ नावाची एक लाखापर्यंतच्या आरोग्य विम्याची योजना आहे. ‘घरौंदा’ नावाची, प्रौढ दिव्यांगांना आयुष्यभर निवारा देण्याची योजनाही आहे. म्हणजे छपराची कल्पना सरकारला नवी नाही. अडते ते जोडणीपाशी. बालगृह महिला व बालविकास खात्याकडे, दिव्यांगांच्या योजना दुसऱ्या खात्याकडे, न्यास दिल्लीत. अठराव्या वाढदिवशी मुलाची फाइल एका टेबलावरून उठते आणि दुसऱ्या टेबलावर पोचतेच असे नाही. मधल्या रिकाम्या जागेत मूल उभे असते.

जळगावपुरते बोलायचे तर परिस्थिती मालाच्या वेळेसारखी राहिलेली नाही. यजुर्वेंद्र महाजन यांच्या दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ केंद्रात देशभरातले दिव्यांग आणि अनाथ तरुण राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. ज्या शहराच्या स्थानकावर एक अंध मुलगी टाकून दिली गेली, त्याच शहरात आता अंध मुले अधिकारी व्हायला येतात. पण ‘मनोबल’सुद्धा उभे राहू शकणाऱ्यांसाठी आहे. जे उभे राहणार नाहीत त्यांच्यासाठी खान्देशातून अजूनही दुसऱ्या कुणाचे अंगण शोधायचे का, याचा निर्णय इथल्या लोकांनी करायचा आहे. पैशाअभावी हे अडेल असे वाटत नाही. अजिंठा-जळगाव रस्त्यावरच्या गावांत वर्षाकाठी जेवढे भंडारे होतात त्यातल्या थोड्यांचा खर्च जरी एका घराकडे वळला, तरी सहा-सात जणांचे भागेल. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशा दोन ग्रामपंचायती, ग्रामीण रुग्णालय आणि मोठी बाजारपेठ असलेल्या गावात असे एखादे घर बसायला अडचण ती काय? जागा गावठाणातली हवी, रानातली नको. एवढी अट मात्र हवी.

कायद्याचे काम गावाच्या आवाक्याबाहेरचे असले तरी आमदारांच्या आवाक्यातले आहे. जळगाव जिल्ह्याचे अकरा, धुळ्याचे पाच आणि नंदुरबारचे चार, असे वीस आमदार विधानसभेत बसतात. त्यातले काही मंत्रिमंडळात आहेत. यंत्रणा जोडायची तर राज्य सरकार आपल्या नियमांत बदल करून बरेच काही करू शकते: अठरा पूर्ण होण्याआधी सहा महिने स्थानिक स्तर समितीकडे मुलाचे नाव जाणे सक्तीचे करणे, दुसरी जागा लेखी मिळाल्याशिवाय बालगृहातून मुक्तता न करणे, आणि संस्थेचा खर्च मुलाच्या वयाऐवजी त्याच्या गरजेवर ठरवणे. यासाठी दिल्लीची वाट पाहावी लागणार नाही.

आणि जोपर्यंत कुणी आमदार हा प्रश्न सभागृहात विचारत नाही, तोपर्यंत तो कुणालाही कागदावर विचारता येतो. जिल्ह्यातल्या बालगृहांत सतरा वर्षे पूर्ण केलेली दिव्यांग मुले किती, मागच्या पाच वर्षांत अशी किती मुले अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडली, आणि त्यातल्या प्रत्येकाला नेमके कुठे पाठवले, एवढीच माहिती मागायची. नावे नकोत, आकडे पुरेत. माहितीच्या अधिकाराचा हा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयातल्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.